कुठवर कापायचं

पहिल्याच भेटीत आप्पांनी मला गाडी धुवायला लावली.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. ऑटोमोबाइलचा डिप्लोमा झालेला, विमा सर्व्हेअरची परीक्षा नुकतीच पास झालेली आणि नाशिकहून थेट कोल्हापुरात नेमणूक. काम सोपं करून सांगायचं तर असं, की अपघात झालेली गाडी गॅरेजात जाऊन बघायची, त्यातलं काय दुरुस्त होईल आणि काय बदलावं लागेल ते ठरवायचं आणि तसा अहवाल कंपनीला पाठवायचा. उद्यमनगरातल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये मी पोचले तेव्हा गाडी चिखलानं माखलेली होती आणि शेजारी लाकडी स्टुलावर एक सडपातळ, पांढऱ्या मिशांचा माणूस निवांत शेंगा खात बसला होता.

“काय झालंय गाडीला?” मी विचारलं.

“ते धुतल्यावर कळंल.”

“मग धुवून घ्या ना.”

“मी न्हाय धुवत. मालकानं धुवायची. चिखलातलं दुखणं मी बघत न्हाय.” टरफलं एका कागदात गोळा करत ते म्हणाले, “मालक च्या प्यायला गेलाय. तुमास्नी घाई असंल तर पाईप त्या कोपऱ्यात हाय, बाई.”

मला घाई होती. इस्त्रीच्या कपड्यांत मी ती गाडी धुतली. दाराखालचा चिखल वाहून गेला तेव्हा तिथं बोटभर लांबीची एक चीर दिसली. कंपनीकडं आलेल्या फोटोंवरून अंदाज बांधताना मी ती धरलेलीच नव्हती. वळून बघितलं तर तो माणूस माझ्याकडंच बघत होता. “दिसलं?” एवढंच म्हणाला आणि उरलेल्या शेंगा त्यानं माझ्यापुढं केल्या.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. सगळं उद्यमनगर त्यांना आप्पा म्हणायचं, मीही आप्पाच म्हणायला लागले. शिरोळकडच्या जैन शेतकरी घरातला हा थोरला मुलगा. ट्रॅक्टरची ट्रॉली दुरुस्त करायला म्हणून एकदा कोल्हापुरात आला आणि हातोडी धरून इथंच राहिला. भाऊबंद सगळे उसात नाहीतर दुकानदारीत. “आमच्या अख्ख्या घराण्यात पत्र्याला हात घालणारा मी पयलाच,” असं ते सांगायचे. त्यात कौतुक किती आणि खंत किती, ते कळायचं नाही.

चाळीस वर्षं पत्रा ठोकून त्यांचा डावा कान जवळजवळ बंद झाला होता. त्याचा त्यांनी चांगला उपयोग करून घेतला होता. आवडत्या माणसाकडं ते उजवा कान करायचे, नको असलेल्याकडं डावा. गॅरेजात आल्यावर आप्पा कुठल्या बाजूला वळून बसतात त्यावरून गिऱ्हाइकाला आपली पायरी समजायची.

गाडी धुऊन झाली की मालकाला स्टुलावर बसवून अपघात कसा झाला ते सगळं सांगायला लावायचे. कुठून येत होतात, कुणीकडं वळलात, ब्रेक कधी लावलात. सांगणारा खोटं बोलतोय असं वाटलं तर काम घ्यायचे नाहीत. “पत्र्याला मार कुठनं कुठवर गेलाय ते मला त्याच्या बोलण्यातनं कळतंय. त्यानंच खोटं सांगितलं तर मी चुकीच्या जागी बघत बसनार की!”

एकदा एक तरुण बिल्डर नवीकोरी मोठी गाडी घेऊन आला. पुढचा फेंडर आणि दार दोन्ही आत गेलेलं. “बंगल्याच्या गेटला घासली,” तो म्हणाला. आप्पांनी दाराच्या पट्टीत अडकलेलं काहीतरी दोन बोटांनी उपसून काढलं, उजेडात धरलं आणि विचारलं, “म्हस कशी हाय?”

“कुठली म्हस?”

“गेटाला केस नसत्यात, पावणं. म्हस कशी हाय ते बघून या. मग गाडीचं बघू.”

बिल्डर तावातावानं निघून गेला. मला वाटलं, हा काही परत यायचा नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आला, पडेल चेहऱ्यानं. म्हैस बरी होती, पाय खरचटला होता, डॉक्टर आणून दाखवला होता, आणि म्हशीच्या मालकिणीनं त्याला तासभर शिव्या देऊन शेवटी ताक पाजलं होतं. हे सगळं त्यानं स्टुलावर बसून सांगितलं. आप्पांनी पूर्ण ऐकलं, उजव्या कानानं.

पण आप्पांचा खरा लौकिक होता तो वेगळ्याच गोष्टीसाठी. गाडीचं दार, बॉनेट, पुढचा फेंडर हे बोल्टनं बसवलेले असतात. खराब झाले की काढायचे, दुसरे लावायचे. पण मागच्या चाकावरचा पत्रा, दारांच्या मधला खांब म्हणजे पिलर, दाराखालचा रनिंग बोर्ड, हे सगळं कारखान्यातच एकमेकांना वेल्डिंग करून जोडलेलं असतं. तिथं मार बसला की प्रश्न येतो. खराब झालं तेवढंच कापून नवा तुकडा जोडायचा, की मूळ जोडापासून उसवून अख्खा पत्रा बदलायचा? तुकडा जोडला तर कमी वेळात, कमी मोडतोडीत भागतं, पण जिथं नव्हता तिथं एक नवा जोड तयार होतो. अख्खा बदलला तर नवा जोड राहत नाही, पण त्यासाठी कंपनीचं धड असलेलं वेल्डिंगसुद्धा फोडावं लागतं.

आप्पा पहिल्या पंथाचे. त्यांच्याकडं मऊ झालेल्या धोतराचा एक तुकडा होता. तो पत्र्यावर टाकायचा, त्यावर तळवा ठेवायचा आणि डोळे मिटून हात हळूहळू सरकवायचा. कापडामुळं हात अडकत नाही आणि केसाएवढा खोलगटपणाही लागतो. मग बोटाच्या पेरानं टकटक करायची आणि खडूनं रेघ मारायची. “ह्या रेघेच्या आत मेलंय. भाईर जितं हाय. जित्याला कापायचं न्हाय.” निवृत्त मुख्याध्यापिका असलेल्या एका बाईंच्या गाडीचा मागचा अख्खा पत्रा बदलायचं मी लिहून बसले होते. आप्पांनी चाकामागचा फक्त तळहाताएवढा भाग कापला, आतून पट्टी देऊन नवा तुकडा जोडला आणि जोड शिवणीच्या आड असा लपवला, की काम झाल्यावर मला तो सापडेना.

“कंपनीनं घातलेला टाका एकदाच तसा बसतोय, अक्का,” ते म्हणाले. तोवर ‘बाई’ची मी ‘अक्का’ झाले होते. “त्यो उसवायच्या आधी धा येळा इचार करावा.”

त्यांच्यापाशी मी वर्षभरात जेवढं शिकले तेवढं तीन वर्षांच्या डिप्लोमात शिकले नव्हते. माझे अहवाल बदलले. जिथं तिथं मी तुकडा जोडण्याची शिफारस करायला लागले. वरचे साहेब खूश. “तुमचं निरीक्षण चांगलं आहे,” असं त्यांनी एकदा फोनवर सांगितलं आणि त्या दिवशी मी आप्पांच्या शेडमध्ये पेढे घेऊन गेले. आप्पांनी पेढा घेतला, पण चेहरा काही खुलला नाही. “सगळीकडंच तुकडा लिवताय व्हय?” त्यांनी विचारलं. मी मान डोलावली. ते नुसतं “हं” म्हणाले.

त्या “हं”चा अर्थ मला आजऱ्याची व्हॅन आली तेव्हा कळला.

व्हॅन चालवणारी तिशीतली बाई होती. ठेंगणी, खणखणीत आवाजाची. या भागातल्या बायकांसारखं तीही “मी जातो, मी येतो” असंच बोलायची. आजरा आणि आसपासच्या गावांतले चार रुग्ण आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी ती कोल्हापुरात आणायची आणि परत न्यायची. रिकामी व्हॅन घेऊन घरी जात असताना वळणावर उसाच्या ट्रॉलीचा मागचा भाग फिरून तिच्या डाव्या बाजूला बसला होता. मधल्या पिलरचा तळ आणि त्याला लागून रनिंग बोर्ड, वीतभर आत गेलेला. तिला काही लागलं नव्हतं.

तिनं गाडी धुऊनच आणली होती. आप्पांनी स्टूल पुढं केलं तर म्हणाली, “बसायला येळ न्हाय, आप्पा. परवा परत माणसं आणायची हायत. दोन दिवसांत हुईल का न्हाय तेवढं सांगा.”

मी वाकून बघितलं. वीतभर नुकसान, वरचा पिलर सरळ. तुकडा कापून जोडण्यासारखं होतं. मी वहीत तसं लिहायलाही लागले. आप्पा कापड टाकून हात फिरवत होते. हात खाली गेला, थांबला, परत वर आला, परत खाली. मग त्यांनी खिशातून लोहचुंबक काढून रनिंग बोर्डला लावलं. ते खाली पडलं.

“ही गाडी तू जुनी घेतलीस?” त्यांनी विचारलं.

“व्हय. दोन वर्सं झाली.”

आप्पांनी पटाशीनं रंग खरवडला. रंगाखाली बोटभर जाड पुट्टी होती आणि पुट्टीखाली कुणीतरी पूर्वी जोडलेला तुकडा. तो जोड आतून गंजून पापडासारखा झाला होता. आप्पा उठले, हात पुसले आणि म्हणाले, “अख्खी बाजू बदलायची. पिलर, बोर्ड, सगळं.”

मी म्हणाले, “आप्पा, जुना तुकडा काढून थोडं वरून कापू. नवा जोडू. तुम्हीच तर…”

त्यांनी माझ्याकडं डावा कान केला. वर्षभरात पहिल्यांदाच.

“अख्खी बाजू यायला किती दिस लागत्यात?” त्या बाईनं विचारलं.

“आठ. बसवायला चार.”

“बारा दिस!” तिचा आवाज शेडभर घुमला. “आप्पा, माझी माणसं बारा दिस थांबत न्हाईत. डायलिसिसची एक पाळी चुकली तर त्यांचं पाय सुजत्यात, धाप लागतीया. तिकडनं दुसरी गाडी मिळत न्हाय. तुमी तुकडा लावा. मी लिवून देतो, माझी जबाबदारी म्हणून.”

“तुज्या लिवण्यानं पत्रा घट हुईत न्हाय, पोरी.”

ती रडेल असं मला वाटलं. पण रागानं तिचा चेहरा लाल झाला. मलाही आप्पांचा रागच आला होता. वर्षभर ज्यांनी मला ‘जित्याला कापायचं नाही’ असं शिकवलं, तेच आज वरचा धड पिलर सोलायला निघाले होते. मी त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले. “का ते तरी सांगा.”

आप्पा स्टुलावर बसले. त्या स्टुलावर बसून त्यांनी स्वतःचं काही सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं.

“नऊ वर्सं झाली. माझ्या धाकट्या भावाची गाडी. हाच पिलर, हीच जागा, आन आत असाच कुजलेला. ऊसतोड चालू हुती, त्याला गाडी लगीच पायजे हुती. माझ्या हाताला कळलं हुतं, की हे अख्खं जायला पायजे. तरी मी ईतभर कापलं आन तुकडा जोडला. रंग असा मारला की तुमच्यासारख्या धा जनांनी बघितलं तरी कळलं नसतं. सा म्हयन्यांनी टेम्पोनं बाजूनं ठोकरलं. पिलर माझ्या जोडावर मोडला. सीटबेल्ट त्या पिलरलाच असतोय. भावाचा पाय अडकला. गुडघ्यात आता वाकत न्हाय.”

“ते काय म्हणाले?”

“एक शब्द न्हाय. त्यो मला काय बोलला असता तर मी गावाकडं गेलो तरी असतो.” आप्पा त्या बाईकडं वळले. “तुकडा कुठं लावायचा ते कळायला लई वर्सं लागली मला. कुठं लावायचा न्हाय ते एका दिसात कळलं. ह्या गाडीत चार आजारी माणसं बसत्यात. मी तुकडा लावनार न्हाय.”

त्या बाईनं खाली वाकून तो गंजलेला जोड स्वतः बोटानं दाबला. पत्र्याचा कपचा तिच्या हातात आला.

आप्पा उठून शेडच्या मागं गेले. तिथं ताडपत्रीखाली काहीतरी कायम झाकलेलं असायचं. मला वाटायचं, भंगार असेल. त्यांनी ताडपत्री ओढली. खाली सात माणसांची एक जुनी गाडी होती. पांढरी, स्वच्छ, टायरांत हवा भरलेली.

“भावाची हीच. भंगारात चाललीती, मी मागून घेतली. अख्खी बाजू बदलली. दर म्हयन्याला चालू करतोय. इमा, पासिंग, सगळं भावाच्या नावानं भरतोय.” किल्ली त्यांनी तिच्यापुढं धरली. “बारा दिस ने. घे.”

पासिंगपुरती सोडली तर नऊ वर्षं ती गाडी रस्त्यावर आली नव्हती. मी कागद बघितले. सगळे चालू होते. गाडी खासगी होती म्हणून मी त्या बाईला सांगितलं की हिच्यात भाडं घेता येणार नाही. “न्हाय घेत की,” ती म्हणाली. किल्ली घेताना तिनं आप्पांच्या पायाला हात लावला आणि आप्पा एवढे अवघडले की आत जाऊन उगीचच हातोड्या लावत बसले.

मी अहवालात संपूर्ण बाजू बदलण्याची शिफारस लिहिली. गंजाचे फोटो जोडले. साहेबांचा फोन आला, “आता काय झालं तुम्हाला?” मी फोटो नीट बघायला सांगितले. त्यांनी बघितले आणि मंजुरी दिली.

पण मला काही चैन पडेना. चार महिन्यांपूर्वी शिरोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या गाडीचा अहवाल मी दिला होता. मधल्या पिलरचा तळ, वीतभर नुकसान, तुकडा जोडावा. आप्पांची भाषा वापरून, मोठ्या आत्मविश्वासानं लिहिलेला. काम दुसऱ्या गॅरेजात झालं होतं. पत्रा आतून कसा आहे ते मी बघितलंच नव्हतं. तीन दिवस मी हे मनात ठेवलं. चौथ्या दिवशी आप्पांना सांगितलं.

त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. “मग हितं काय करताय? चला.”

माझ्या स्कूटरवर मागं बसून ते आले. मांडीवर पिशवी, पिशवीत हातोडी, पटाशी आणि धोतराचं कापड. शिरोळच्या बाजूला वळल्यावर त्यांचा माझ्या खांद्यावरचा हात घट्ट झाला. तेव्हा मला वाटलं, रस्त्यातल्या खड्ड्यांमुळं असेल.

शेतकरी दारातच भेटला. साठीचा, आडदांड. “इमा मिळाला, गाडी पळतीया. आता कशाला उकरताय, पावणं?”

आप्पांनी विचारलं, “पुराचं पाणी कुठवर आलतं?”

“गोठ्यापातूर.”

“आन गाडी?”

“गोठ्यातच हुती. चाकं बुडाली हुती.”

नदीकाठच्या तालुक्यात गाडी बघायला जाऊन मी पुराचा प्रश्नच विचारला नव्हता. आप्पांनी दाराचं रबर सोडवलं, पिलरचं आतलं आवरण काढलं आणि बॅटरीचा उजेड पाडला. जोडाच्या कडेनं केसाएवढी भेग होती. भेगेतून तांबूस पाणी ओघळून वाळलं होतं.

“अक्का,” आप्पा हळूच म्हणाले, “हे तुमी सांगा. मी न्हाय.”

मी त्या शेतकऱ्याला सगळं सांगितलं. चूक गॅरेजवाल्याची नाही, माझी आहे, हेही सांगितलं. तो खवळेल म्हणून मी अंग चोरून उभी होते. “थोरली सून ह्याच गाडीतनं म्हायेराला जाती. नातवाला घिऊन,” तो म्हणाला. मग आत जाऊन किल्ली घेऊन आला आणि माझ्या हातात ठेवली. “ही तुमच्याकडंच ऱ्हाऊ दे. घरात ठिवली तर कोनतरी काढंलच.”

तिथंच ओट्यावर बसून मी माझ्याच अहवालाविरुद्ध अर्ज लिहिला. त्याचं पुढं असं झालं की मला लेखी ताकीद मिळाली, गाडीची फेरतपासणी झाली आणि पूर्ण बाजू बदलायला मंजुरी आली. ताकिदीचा तो कागद अजून माझ्या फायलीत आहे. पण त्यानंतर आमच्या शाखेत पिलरच्या प्रत्येक कामाला आतल्या बाजूचा फोटो सक्तीचा झाला, आणि तो नियम माझ्यामुळं आला असं साहेब नव्या लोकांना सांगतात.

त्या दिवशी परत निघालो. फाट्यावर आलो तशी आप्पांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. “डावीकडं घ्या.”

“कोल्हापूर उजवीकडं आहे, आप्पा.”

“डावीकडं घ्या म्हनतोय की.”

दीड-दोन किलोमीटरवर एक कौलारू घर आलं. दारात ट्रॅक्टर, अंगणात सोयाबीन वाळत घातलेलं. आप्पा उतरले आणि तिथंच उभे राहिले. आत जाईनात, हाकही मारेनात. शेवटी घरातूनच एकजण काठी टेकत बाहेर आला. डावा पाय सरळ ठेवून चालत होता. मिशा तशाच, फक्त अजून काळ्या. कोण आहे हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

त्यानं थोरल्या भावाला वरपासून खालपर्यंत बघितलं. “एकटाच आलास? वैनी कुठं हाय?”

“घरात हाय,” आप्पा म्हणाले. मग एकदम, घाईघाईनं, आधी घोकून ठेवल्यासारखं बोलायला लागले. “माझ्या हाताला कळलं हुतं. ते अख्खं बदलायला पायजे हुतं. मला कळलं हुतं, तरी मी तुकडा लावला.”

“मला ठावं हाय की.”

“तुला ठावं हाय?”

“न्हायतर काय! तू मला म्हनलास की तवा, अख्खं बदलूया म्हणून. तीनदा म्हनलास.”

“तीनदा?” आप्पांनी विचारलं.

“तीनदा,” भाऊ म्हणाला. “तिसऱ्यांदा तर शिवी दिऊन म्हनलास. मीच म्हनलो, तुकडा लाव, न्हायतर दुसरीकडं घिऊन जातो. माझी ऊसतोड चाललीती, मला मस्ती आलीती. तुला आठवत न्हाय?”

आप्पांना आठवत नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावरून ते स्पष्ट दिसत होतं. नऊ वर्षं त्यांनी आपल्या हाताला काय कळलं होतं एवढंच लक्षात ठेवलं होतं. तोंडानं काय सांगितलं ते विसरून गेले होते.

“मग इतकी वर्सं बोलला का न्हाईस?”

“मी काय बोलू? माझ्याच आडमुठेपणानं झालं, तर तुला काय तोंड दाखवू? मला वाटलं, तू माझ्यावर रागावलायस म्हणून येत न्हाईस. पोराच्या लग्नालाबी आला न्हाईस.”

आप्पा अंगणातच खाली बसले, सोयाबीनच्या कडेला. भावाला बसता येत नव्हतं, तो काठीवर रेलून त्यांच्याजवळ उभा राहिला. मी स्कूटर स्टँडला लावायचं निमित्त काढून मागं सरकले. खूप वेळानं भावाचा आवाज आला, “आन गाडीचं काय केलंस माझ्या?”

“आजऱ्याची आजारी माणसं नेतीया.”

“नेऊ दे,” भाऊ म्हणाला. “तेवढी तरी चांगली बांधलीयास न्हवं?”

“अख्खी बाजू घातलीया!” आप्पा जवळजवळ ओरडलेच, आणि मग दोघंही हसले. भावाची बायको बाहेर आली, थोरल्या दिरांना बघून पदर तोंडाला लावला आणि चहा ठेवायला परत आत गेली.

तेराव्या दिवशी व्हॅन तयार झाली. आप्पांनी त्या बाईला सीटवर बसवून बेल्ट लावायला सांगितला आणि पिलरला पाय देऊन सगळ्या ताकदीनं तो ओढला. पिलर हलला नाही. “आता ने,” ते म्हणाले. बारा दिवसांत तिच्या चौघांची डायलिसिसची एकही पाळी चुकली नव्हती. त्यातले एक आजोबा मुद्दाम उतरून शेड बघायला आले होते. त्यांनी आजऱ्याच्या काजूची पुडी आप्पांच्या हातात दिली. जाताना ते म्हणाले, “तुमच्या भावाच्या गाडीत झोप चांगली लागायची.”

दुसऱ्याच दिवशी आप्पा ती पांढरी गाडी स्वतः चालवत शिरोळला घेऊन गेले. नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी शेड अख्खा दिवस बंद ठेवलं.

पुढच्या आठवड्यात एका गाडीबद्दल विचारायला मी त्यांना फोन लावला. खूप वेळ वाजल्यावर उचलला. पलीकडं वारा घोंघावत होता.

“आज जमनार न्हाय, अक्का. भावाच्या रानात ऊस लावन चाललीया.”

“तुम्ही ऊस लावताय?”

“का? मी काय पत्र्याच्या पोटी जन्मलोय व्हय?”

मागून कुणीतरी खेकसलं, “फोन ठेव आन कांड्या दे की! सरी तशीच ऱ्हायलीया!”

“दितोय की! किती गडबड!” आप्पा ओरडले आणि फोन बंद न करताच त्यांनी तो खिशात टाकला. मी ठेवून द्यायला हवा होता. पण तशीच कानाला लावून बसले. कांडीचा डोळा वर ठेवायचा की बाजूला, सरीत पाणी आधी की मागनं, लहानपणी बैल कुणामुळं बुजला होता, अशी त्या दोघांची भांडणं माझ्या फोनची बॅटरी संपेपर्यंत चालू होती.